रमजानमध्ये भेट काय द्यावी? महाड-पोलादपूरच्या बाजारातच सापडतील उत्तरं

२०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि रमजान ईद ३१ मार्चला. साखरेच्या गाठी आणि खजुराचे डबे यांची खरेदी एकाच आठवड्यात आली. दोन्ही सणांची गर्दी एकाच बाजारपेठेत होते, अशी जी गावं कोकणात आहेत त्यांत महाडचं नाव वरचं. सावित्री नदीच्या काठावरच्या या जुन्या व्यापारी गावात आणि आसपासच्या खेड्यांत कोकणी मुस्लिमांची वस्ती पिढ्यानपिढ्यांची आहे. इथून घाटाकडे निघालं की पोलादपूर लागतं. तिथली बाजारपेठ लहान, पण महाबळेश्वरची वाट तिथूनच वर चढते. त्याचा या लेखातल्या खरेदीशी संबंध आहे. तो पुढे येईलच.

रमजान आला की दरवर्षी तेच प्रश्न पडतात. मित्राने इफ्तारला बोलावलंय, हातात काय न्यायचं? कंपनीतला सहकारी महिनाभर रोजे ठेवतोय, त्याला काही द्यावंसं वाटतं, पण चालेल का? लेकीचा सासरचा पहिला रमजान आहे, किती आणि काय पाठवायचं? आखातात नोकरी करणाऱ्या मुलाने घरी नेमकं काय आणावं?

मोबाइलवर शोधलं तर 'रमजान हॅम्पर' नावाचा सोनेरी डबा समोर येतो. आत मोजून आठ खजूर, दोन चॉकलेटं, एक सुगंधी मेणबत्ती आणि खालचा अर्धा डबा कागदाच्या चुऱ्याने भरलेला. फोटो छान येतो. पण दिवसभर पाणीही न पिणाऱ्या माणसाला संध्याकाळी मेणबत्तीचा काय उपयोग, हे कोणी सांगत नाही.

आधी कॅलेंडर बघा

रमजान हा हिजरी कॅलेंडरचा नववा महिना. हे कॅलेंडर पूर्णपणे चंद्रावर चालतं आणि त्याला आपल्यासारखा अधिक महिना नसतो. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत तो एप्रिल-मेमध्ये होता, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात. तेव्हा डोळे मिटून हापूसची पेटी नेता येत होती. २०२५ मध्ये तो मार्चमध्ये आला. २०२६ मध्ये रोजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाले. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस.

भेट ठरवताना याचा थेट उपयोग होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हापूसची सुरुवातीची फळं येतात, पण ती महाग असतात आणि चवीची खात्री नसते. अशा वेळी आंब्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत इथे सहज आणि ताजं मिळणारं दुसरंच काहीतरी आहे.

शिवाय ऊन. रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. समुद्रापासून आत आणि डोंगरांच्या कुशीत असलेल्या या पट्ट्यात मार्च म्हणजे उन्हाळाच. अशा दिवसांत रोजा सोडताना सगळ्यात आधी आठवतं ते पाणी.

खजूर न्यायचाच, पण कोणता?

रोजा खजुराने सोडणं ही प्रेषित मुहम्मद यांची पद्धत मानली जाते. खजूर नसेल तर पाण्याने. अनेक जण एक, तीन असे विषम संख्येने खजूर खातात. त्यामुळे खजूर ही रमजानमधली कधीच वाया न जाणारी भेट आहे. भारत हा जगातल्या मोठ्या खजूर आयातदारांपैकी एक आहे, आणि रमजानच्या तोंडावर तालुक्याच्या दुकानातही पाच-सहा जाती दिसू लागतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अजवा हा सौदी अरेबियातल्या मदिनेचा काळा, मऊ, मध्यम आकाराचा खजूर. त्याला धार्मिक महत्त्व आहे, म्हणून तो महाग असतो, आणि महाग असतो म्हणून दुसराच काळा खजूर 'अजवा' म्हणून खपवलाही जातो. ओळखीचं दुकान असेल तरच घ्या. मदिनेच्याच भागातला सफावी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'कलमी' या नावाने मिळतो. तो लांबट, गडद आणि किमतीच्या मानाने चांगला. मेडजूल मूळचा मोरोक्कोचा. आकाराने मोठा, गराळ, दिसायला रुबाबदार. सुक्करी फिकट सोनेरी आणि फार गोड. इराकचा जाहिदी स्वस्त आणि थोडा कोरडा असतो. रोजच्या वापरासाठी किलोने घ्यायला तो उत्तम.

आणि 'कीमिया'. काळ्या, ओलसर, तोंडात विरघळणाऱ्या या खजुराचे छोटे खोके सगळ्यांनी पाहिलेले असतात. ही इराणच्या बाम भागातली मझाफती जात. यात पाण्याचा अंश जास्त असतो, म्हणून हा खजूर फ्रीजमध्ये ठेवावा लागतो. उन्हात तासन्‌तास मांडून ठेवलेल्या खोक्यांतून तो घेऊ नका, आणि भेट दिल्यावर 'फ्रीजमध्ये ठेवा' एवढं सांगायला विसरू नका. ज्यांच्या घरी फ्रीज नाही किंवा वीज सारखी जाते, त्यांना कलमी किंवा जाहिदी द्या.

डब्यावरची बारीक अक्षरं वाचण्याची सवय इथे कामाला येते. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि किती दिवसांत वापरावा याची मुदत बघा. घटक पदार्थांत ग्लुकोज सिरप लिहिलेलं असेल तर वरची चकाकी खजुराची नाही, पाकाची आहे. बिया काढून आत बदाम भरलेले खजूर देखणे असतात, पण त्यांचं वजन आणि किंमत यांचा हिशेब मांडला की अर्धा किलो साधा चांगला खजूर घेतलेला बरा असंच बहुतेक वेळा निघतं.

घरात मधुमेहाचं कोणी असेल तर खजुराऐवजी बदाम, अक्रोड, भाजलेले काजू असा सुका मेवा न्या. ते गोडाशिवाय सहरीलाही उपयोगी पडतात.

घाटावरून येणारी फळं, खाडीवरून येणारे सोडे

पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर आंबेनळी घाटाने सुमारे ४० किलोमीटर. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि तिचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतो. म्हणजे सध्याची काही वर्षं रमजान आणि स्ट्रॉबेरी एकत्र येणार आहेत. इफ्तारच्या ताटात फळांची चाट हमखास असते. सकाळी घाटावरून खाली आलेली दोन खोकी संध्याकाळी मित्राच्या घरी पोचवली तर यापेक्षा ताजी भेट मुंबईच्या कुठल्याही हॅम्परमध्ये मिळणार नाही. अट एकच. आदल्या दिवशी घेऊन ठेवू नका. खोकं उलटं करून खालचा थरही बघा, कारण वरचा थर नेहमीच सुंदर असतो.

महाबळेश्वरचा मधही याच वाटेने येतो. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मुस्लिम घरांत मधाला आदराचं स्थान आहे. कुराणात मधमाशीच्या नावाचा एक अध्यायच आहे. मध टिकतो, सांडत नाही, सहरीला एक चमचा घेता येतो. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हा डॉक्टरांचा नेहमीचा सल्ला लक्षात असू द्या.

पोलादपूरच्या डोंगरउतारावर नाचणी पिकते. नाचणीचं सत्त्व किंवा नाचणीचं पीठ ही रमजानची भेट म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही. पण सहरीचं जेवण पहाटे उजाडण्याआधी उरकायचं असतं आणि पुढे जवळपास तेरा तास पोटात काही जात नाही. पोटाला आधार देणारी नाचणीची भाकरी किंवा आंबील त्या वेळी मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी बरी. आजी-आजोबांना तर जरूर द्या. बचत गटांकडे हे पदार्थ बऱ्यापैकी स्वच्छ पॅक केलेले मिळतात.

सरबतांत रूह अफजाची बाटली ठरलेली. ती नेण्यात काही वावगं नाही. पण ती प्रत्येक जण आणतो आणि विसाव्या रोजापर्यंत घरात सहा बाटल्या जमतात. त्यापेक्षा अमृत कोकम किंवा कोकमाचं आगळ न्या. अमृत कोकम पाण्यात घातलं की सरबत तयार होतं. आगळ नारळाच्या दुधात घातलं की सोलकढी. कोकणी मुस्लिम घरांत नारळ, तांदूळ आणि मासळी हाच रोजच्या स्वयंपाकाचा पाया आहे, तेव्हा आगळाची बाटली पडून राहण्याची भीती नाही.

आता सोडे. सोललेली आणि उन्हात वाळवलेली कोळंबी म्हणजे सोडे. मुरुड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून ती आतल्या तालुक्यांत येते. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मांसाची भेट देताना हलाल पद्धतीने कापलेलं आहे का, हा प्रश्न येतो आणि बाहेरच्या माणसाला त्याची खात्री देता येत नाही. मासळीला तो प्रश्न लागू होत नाही. त्यातही कोकणी मुस्लिम बहुसंख्येने शाफई पंथाचे आहेत. उत्तर भारतात जास्त असलेल्या हनफी पंथात कोळंबीबद्दल मतभेद आढळतात, शाफईंमध्ये ती अडचण नाही. अरबस्तानाशी असलेल्या जुन्या सागरी व्यापारातून हा पंथ किनाऱ्यावर रुजला. त्यामुळे पाव किलो चांगले सोडे ही थोडी महाग, पण गृहिणीच्या चेहऱ्यावर हसू आणणारी भेट आहे. डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर वासाची तक्रार एसटीतले सहप्रवासी करतील.

काय टाळावं?

दारू आणि डुकराचं मांस निषिद्ध आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. अडचण होते ती लपलेल्या घटकांची. काही परदेशी चॉकलेटांत लिकर असतं. मार्शमेलो आणि काही जेलीच्या गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. शंका आली तर पाकिटावरचं हिरवं चिन्ह बघा. शाकाहारी पदार्थांत जिलेटिनचा प्रश्न मिटतो. लिकरचा मात्र मिटत नाही, त्यासाठी घटक वाचावेच लागतात.

परफ्यूमऐवजी अत्तर द्या. अल्कोहोल असलेली परफ्यूम बरेच जण वापरतात, पण नमाजला जाताना ती टाळणारेही आहेत. तेलावर बनलेल्या अत्तराला कोणाचीच हरकत नसते. उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन आहे. उन्हाळ्यात खस, पहिल्या पावसाचा वास हवा असेल तर मिट्टी. छोटी कुपी पुरते.

पुरुषांना सोन्याची अंगठी आणि अस्सल रेशमी कापड देऊ नका. इस्लाममध्ये पुरुषांना दोन्ही वर्ज्य आहेत. स्त्रियांना चालतात. चांदीची अंगठी पुरुषांनाही चालते.

जानमाज, म्हणजे नमाजचं आसन, तसबीह, टोपी, कुराण ठेवायची लाकडी रेहल या वस्तू मुस्लिम नातेवाईक एकमेकांना देतातच. मुस्लिमेतर मित्राने जानमाज दिली तरी कोणी वाईट मानत नाही, उलट आनंदच होतो. पण आयती छापलेले मग, उशांचे अभ्रे, की-चेन असल्या ऑनलाइन वस्तूंपासून दूर राहा. कुराणातली अक्षरं असलेली वस्तू जमिनीवर ठेवायची नाही, धुण्यात टाकायची नाही, मोडली तर कचऱ्यात फेकायची नाही. घेणाऱ्याच्या घरी त्याने नसती जबाबदारी येते.

केव्हा द्यावी, हेही तितकंच महत्त्वाचं

मार्चमध्ये महाड परिसरात सूर्यास्त पावणेसातच्या आसपास होतो. त्याआधीचा एक तास घरातल्या बायकांची अक्षरशः धावपळ असते. आमंत्रण नसताना त्या वेळी दारात उभं राहणं म्हणजे भेटीपेक्षा त्रास जास्त. फळं किंवा शिजवलेला पदार्थ द्यायचा असेल तर दुपारी चार-साडेचारला पोचवा आणि लगेच निघा. रात्री जायचं तर तरावीहची लांब नमाज संपल्यावर. रमजानच्या शेवटच्या दहा रात्री इबादतीच्या मानल्या जातात. काही पुरुष ते दिवस मशिदीतच एतेकाफला बसतात. त्या काळात गप्पा मारायला म्हणून जाऊ नका.

कपडे द्यायचे असतील तर ते पहिल्या आठवड्यातच. ईद जवळ आली की बहुतेक शिंपी नवी शिलाई घेणं थांबवतात. पंचविसाव्या रोजाला दिलेलं सुंदर कापड ईदला कपाटातच राहतं.

'तुझा रोजा आहे ना?' हा प्रश्नही जपून. आजारी माणसं, प्रवासात असलेले, गरोदर आणि स्तनदा माता, पाळी आलेल्या स्त्रिया यांना रोजातून सूट असते. चारचौघांत कारण विचारलं तर समोरची व्यक्ती अवघडते. भेट रोजा ठेवणाऱ्यालाच द्यायची असा नियम नाही.

महाड एमआयडीसीत काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. दुपारपाळीला असलेला कामगार रोजा घरी सोडत नाही, तो प्लांटच्या कॅन्टीनमध्ये किंवा यंत्राशेजारीच सोडतो. सहकाऱ्यांनी मिळून त्याला एक चांगला थर्मास आणि झाकणाचा छोटा स्टीलचा डबा दिला, तर तो महिनाभर रोज वापरला जाईल. आणि सूर्यास्ताच्या वेळी दहा मिनिटं त्याचं काम कोणी सांभाळलं तर त्याला पैसेही पडत नाहीत.

जकात, फितरा आणि भेट यांची गल्लत नको

रमजानमध्ये देण्याचे तीन-चार प्रकार एकाच वेळी चालू असतात आणि नेमकी इथेच माणसं दुखावतात.

जकात हे सक्तीचं दान. ज्याच्याकडे निसाब, म्हणजे ठरलेल्या मर्यादेइतकी बचत चांद्रवर्षभर राहिली आहे, त्याने तिच्या अडीच टक्के रक्कम द्यायची. दर लाखामागे २,५०० रुपये. ही मर्यादा साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम, यांच्या किमतीवरून धरतात. जकात आई-वडिलांना किंवा स्वतःच्या मुलांना देता येत नाही, कारण त्यांना सांभाळणं हे कर्तव्यच मानलं आहे. गरजू भाऊ, बहीण, मावशी, चुलतभाऊ यांना मात्र देता येते, आणि देताना 'ही जकात आहे' असं सांगण्याची गरज नसते. ही सवलत मोठी माणुसकीची आहे. विधवा बहिणीच्या हातात ईदच्या खर्चासाठी म्हणून पाकीट ठेवता येतं. तिला दान घेतल्यासारखं वाटत नाही आणि देणाऱ्याचं कर्तव्यही पूर्ण होतं.

फितरा वेगळा. तो ईदच्या नमाजआधी, घरातल्या प्रत्येक माणसामागे द्यायचा असतो. अगदी तान्ह्या बाळाचाही. हनफी पद्धतीत साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत धरतात. शाफई पद्धतीत त्या भागातलं मुख्य धान्य, एक साअ, म्हणजे अंदाजे अडीच ते तीन किलो. कोकणात मुख्य धान्य म्हणजे तांदूळ. पाच माणसांच्या घराचा फितरा साडेबारा ते पंधरा किलो तांदळाचा होतो. नेमकं माप आणि रक्कम गावची जमात जाहीर करते, तेच प्रमाण मानावं.

भेट, म्हणजे हदिया, या दोन्हींहून वेगळी. ती श्रीमंतालाही देता येते आणि तिच्यात वरचा हात-खालचा हात नसतो. म्हणून रेशन किट आणि भेट एकाच पिशवीत घालू नका. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड बुडालं, त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली. त्यानंतरचे कित्येक आठवडे गावोगावहून मदतीची किट येत होती. रांगेत उभं राहून घेतलेली पिशवी आणि शेजाऱ्याने झाकून आणलेलं ताट यांतला फरक महाडकरांना समजावून सांगावा लागत नाही. गरजू ओळखीच्या घरी काही न्यायचंच असेल तर धान्य गुपचूप पोचवा आणि वेगळी, छोटी, बिनगरजेची वाटेल अशी एखादी वस्तू भेट म्हणून द्या. मुलीसाठी बांगड्या, आजीसाठी अत्तर. आणि फोटो काढू नका. देतानाची रील तर अजिबात नको.

लेकीच्या सासरी

काही घरांत मुलीच्या पहिल्या रमजानला माहेरहून इफ्तारीचं सामान, ईदचे कपडे आणि मिठाई पाठवण्याची पद्धत आहे. कौतुकाने पाठवलं तर छानच. पण कुठे किती ताटं आली याची तुलना सुरू झाली की वडील कर्ज काढतात. धर्मात याची कुठलीही सक्ती नाही. सासरकडून मागणी होत असेल तर तिला भेट म्हणण्यात अर्थ नाही. लग्नाच्या संबंधाने मागितलेली वस्तू किंवा रक्कम ही १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकते.

यावर एक साधा उपाय काही कुटुंबं करतात. सामान सासरच्या घराला न पाठवता मुलीला विचारून तिच्या उपयोगाचं काहीतरी द्यायचं. नवीन संसारात पहाटे चारला उठून सहरी करणाऱ्या मुलीला चांगला मिक्सर किंवा कुकर जितका लागतो, तितके पाच किलो मिठाईचे डबे लागत नाहीत.

आखातातून येणाऱ्यांसाठीही हेच. रायगड-रत्नागिरीतल्या हजारो घरांतलं कोणी ना कोणी कुवेत, सौदी, दुबई, कतारमध्ये आहे. बॅगेत ब्लँकेटं आणि टँग भरून आणण्याचे दिवस गेले, त्या वस्तू आता महाडमध्येच मिळतात. तिथून आणण्यासारखं उरलंय ते म्हणजे खात्रीचा अजवा, चांगलं अत्तर आणि आई-वडिलांसाठी रक्तदाब मोजण्याचं यंत्र. तेही इथेच घेतलं तर वॉरंटी मिळते, हा भाग वेगळा. सुट्टी मिळाली आणि ईदला माणूसच घरी आला, तर बॅगेत काय आहे हे कोणी फारसं विचारत नाही.

मुलांसाठी ईदी

लहान मुलाने पहिला रोजा ठेवला की अनेक घरांत रोजाकुशाई करतात. मुलाला हार घालतात, नवे कपडे देतात, नातेवाईक भेटी आणतात. इथे खेळणं, सायकलची घंटी, गोष्टींचं पुस्तक असं काहीही चालतं. धार्मिक वस्तू मोठी माणसं देतातच.

ईदच्या दिवशीची ईदी म्हणजे रोख पैसे, शक्यतो कोऱ्या नोटा. दहा-वीसच्या नव्या नोटांसाठी बँकेत ईदच्या आदल्या दिवशी गेलात तर हात हलवत परत याल. पंधरा दिवस आधी विचारा. पंधरा-सोळा वर्षांच्या भाच्याला यूपीआयवर ईदी चालते, उलट तो क्यूआर कोड घेऊनच उभा असतो. पाच वर्षांच्या भाचीला कोरी नोटच हवी.

शेजारधर्माची एक जुनी नोंद

रोजेदाराला इफ्तार घालणाऱ्यालाही रोजाचं पुण्य मिळतं, अशी श्रद्धा आहे. इफ्तारीचं ताट शेजारी पाठवण्याच्या पद्धतीमागे ती आहेच. पण महाडमध्ये शेजाराचा इतिहास ताटाच्याही पलीकडे जातो.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं आणि त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले. तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी मुस्लिमांच्या घरांत आसरा घेतला होता. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. हिजरी कॅलेंडरचा हिशेब मागे नेला तर २० मार्च १९२७ ही तारीख १३४५ हिजरीच्या रमजानच्या मध्यावर येते. म्हणजे ज्या घरांनी त्या दिवशी दारं उघडली, तिथे रोजे चालू होते. दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर लोटणाऱ्या गर्दीत ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. सध्याच्या काही वर्षांत रमजान पुन्हा मार्चच्या आसपास आला, तेव्हा ती आठवायला निमित्त आहे.

ताट रिकामं परत करायचं नाही, ही रीत तर दोन्हीकडची. शेजारून शिरखुर्मा आला असेल तर भांडं घासून त्यात काहीतरी घालूनच परत जातं. शिर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. त्या भांड्यात घालायला मोठं काही लागत नाही. पाडव्याची गाठी, घरच्या लिंबाचं लोणचं, चार पुरणपोळ्या. दुकानातून आणलेल्या डब्यापेक्षा हीच भेट जास्त मोलाची ठरते असा अनेकांचा अनुभव आहे, आणि खर्च तर जवळपास नाहीच.

यंदा भेट द्यायची राहूनच गेली असेल, तरी हरकत नाही. ईदच्या दिवसापासून सुरू होणाऱ्या शव्वाल महिन्यात, ईदनंतर अनेक जण आणखी सहा रोजे ठेवतात. त्या दिवसांत घरी पाहुण्यांची गर्दी नसते, बाजारात खजुराचे भाव उतरलेले असतात आणि बसून चहा घ्यायला सूर्यास्तानंतर भरपूर वेळ असतो.